सायकलच्या हबचं ग्रीस: चंद्रपूरचं ऊन ते लेहची थंडी
मे महिन्यात चंद्रपूरला पारा 45 च्या वर, सायकल दिवसभर पार्किंगच्या उन्हात, आणि कोपऱ्यावरच्या दुकानातलं सुटं पिवळं ग्रीस हबमधून (चाकाच्या मधल्या भागातून) तेल सोडायला लागलं ते थेट डिस्क रोटरवर (ब्रेकच्या चकतीवर), ब्रेकच गेला राव! मग निळं लिथियम कॉम्प्लेक्स घेतलं, एनएलजीआय 2 (म्हणजे मध्यम घट्ट), ड्रॉपिंग पॉइंट (ग्रीस पातळ होऊन ठिबकायला लागतं ते तापमान) 250 अंशांच्या वर. दोन उन्हाळ्यांनी कोन (बेअरिंगचे बॉल जागेवर धरणारे नट) उघडले तर बॉल अजून निळ्यात बुडालेले. पैसा वसूल.

पण फ्रीहबमध्ये (मागच्या चाकाचा गिअरची चक्रं बसतात तो भाग) हे भरू नका, मी शहाणपणा केला आणि ऑक्टोबरात लेहला पहाटे पारा मायनसमध्ये गेल्यावर आतले कुत्रे (पेडलचा जोर चाकाला देणारे छोटे खटके) चिकटून बसले, पेडल नुसतं गरगर फिरतंय. तिथे पातळ सिंथेटिक ग्रीसच, तेही बोटभर नाही, नखभर.