मुलांच्या हातात पैसे: एकरकमी, टप्प्याटप्प्याने, की ट्रस्टमध्येच?

कॅलिफोर्नियात लिव्हिंग ट्रस्ट, म्हणजे हयातीतच मालमत्ता ट्रस्टच्या नावे करून ठेवण्याची व्यवस्था, केली की वकील एक जाडजूड बाइंडर देतो. तो कपाटात जातो आणि आपण सुटलो म्हणतो. प्रोबेटचा, म्हणजे मृत्यूनंतर कोर्टामार्फत मालमत्ता वाटण्याचा, खर्च टळतो हे खरंच. दहा लाख डॉलरच्या इस्टेटीवर वकिलाची कायद्याने ठरलेली फी 23,000 डॉलर, एक्झिक्युटरने (मृत्युपत्राची अंमलबजावणी करणाऱ्याने) घेतली तर त्याचीही तेवढीच, तीही घरावरचं कर्ज वजा न धरता. पण मुलांचं रक्षण किती होणार, ते ठरतं आपल्या पश्चात पैसे कसे वाटायचे, हे लिहिलेल्या पानावर. आमच्या पानावर मुलांना टप्प्याटप्प्याने हिस्सा द्यायची 25, 30, 35 ही वयं आधीच छापलेली होती. का, तर म्हणे सगळे असंच ठेवतात.

मुलं चाळिशीत स्थिरावलेली आणि रक्कम बेताची असेल, तर सरळ एकरकमी द्यावी. उगाच व्याप नको. मात्र हातात आलेला पैसा मुलाच्या देण्यांसाठी उघडा पडतो. वारसा तिथे स्वतंत्र मालमत्ता धरतात, पण नवरा-बायकोच्या जॉइंट खात्यात मिसळला की घटस्फोटात त्यातलं आपलं किती, हे कागद काढून सिद्ध करत बसायचं.

टप्प्यांनी उधळपट्टीला आळा बसतो, यापलीकडे मला त्यांचं फारसं कौतुक नाही. तिसावं वर्ष नेमकं धंदा बुडताना लागलं तर? ट्रस्टमध्ये स्पेंडथ्रिफ्ट कलम असतं, म्हणजे मुलाचा हिस्सा त्याला गहाण टाकता येत नाही आणि कर्जवसुलीवाल्यांना थेट ओढता येत नाही. पण 2017 मध्ये कॅलिफोर्नियाच्या सुप्रीम कोर्टाने कारमॅक विरुद्ध रेनॉल्ड्स खटल्यात सांगितलं की देय झालेल्या रकमेवर, ती मुलाच्या शिक्षणासाठी वा उदरनिर्वाहासाठी नसेल तर, वसुली चालते. पुढच्या हप्त्यांतूनही 25 टक्क्यांपर्यंत वळवता येतं. म्हणजे वाढदिवस आपण आधीच लिहून ठेवायचा आणि वसुलीवाल्याने त्याची वाट पाहायची!

म्हणून रक्कम मोठी असेल तर माझा कौल पैसा ट्रस्टमध्येच ठेवण्याला. ट्रस्टी आरोग्य, शिक्षण, उदरनिर्वाहासाठी गरजेप्रमाणे देतो आणि ठराविक वयानंतर मुलगा स्वतः सह-ट्रस्टी होतो. आमचा लेक ऐकून म्हणाला, "म्हणजे माझ्यावर विश्वास नाही?" त्याला वरचा खटला सांगितल्यावर गप्प झाला. भुर्दंड मात्र आहे. ट्रस्टने उत्पन्न साठवलं तर 2025 मध्ये 15,650 डॉलरच्या वर थेट 37 टक्के फेडरल कर. मुलाला वाटून दिलं तर साधारणपणे मुलाच्या दराने. शिवाय थोरल्याला धाकटीचा ट्रस्टी करणं म्हणजे भाऊबंदकीला आवतण. तिथे बाहेरचा व्यावसायिक ट्रस्टी परवडतो.

दिव्यांग मूल एसएसआयवर (गरजू दिव्यांगांना मिळणाऱ्या सरकारी मासिक मदतीवर) असेल तर यातला एकही पर्याय जसाच्या तसा चालत नाही. त्या योजनेत नावावर 2,000 डॉलरपेक्षा जास्त मालमत्ता असून चालत नाही, म्हणून वेगळा स्पेशल नीड्स ट्रस्टच हवा, ज्यातला पैसा मुलाच्या नावावर धरला जात नाही. पुण्यात फ्लॅट असेल तर त्यासाठी भारतात निराळं मृत्युपत्र करा.

आणि आयआरए, म्हणजे अमेरिकेतलं वैयक्तिक निवृत्ती-बचत खातं. ते खातं ट्रस्टच्या नव्हे, वारस-फॉर्मच्या हुकमाने जातं. वारशाने आलेल्या आयआरएला दिवाळखोरीत निवृत्तिनिधीचं फेडरल संरक्षण नाही, असा अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचा 2014 चा निकाल आहे. बाइंडर कपाटात ठेवण्याआधी आम्ही तो फॉर्म काढून पाहिला. बायकोनंतर कोण, ती ओळ अकरा वर्षं कोरी होती.