वर्गातला प्रोजेक्टर आणि तुमचा लॅपटॉप: व्हीजीए, एचडीएमआय, यूएसबी-सी की वायरलेस?

लॅपटॉप वर्गात जोडायचा म्हटलं की बहुतेक जण आधी लॅपटॉपच्या कडा तपासतात आणि त्या पोर्टवरून अडॅप्टर मागवतात. माझ्या मते सुरुवात दुसऱ्या टोकाकडून करावी. ज्या वर्गांत शिकवायचं आहे तिथल्या भिंतीवरच्या पेटीत, टेबलाखाली किंवा प्रोजेक्टरमागे नेमकं काय आहे ते एकदा फिरून बघा आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा. लॅपटॉप चार-पाच वर्षांनी बदलतो, छताला टांगलेला प्रोजेक्टर आणि भिंतीत पुरलेली केबल मात्र लवकर हलत नाही.

जुनी निळी केबल की एचडीएमआय?

व्हीजीए १९८७ सालचं आहे, आयबीएमने आणलेलं. तीन ओळींत १५ पिना, दोन्ही बाजूंना पिळायचे स्क्रू, आणि बहुतेक वेळा निळं टोक. ते अजून टिकलंय याचं कारण सोपं आहे: लांब केबल टाकली तरी चित्र थोडं धूसर होतं, पण येतं. शिवाय बिघाड डोळ्यांना दिसतो. लाल, हिरवा आणि निळा हे रंग वेगवेगळ्या तारांतून जातात, त्यामुळे पांढरी स्लाइड पिवळट दिसली तर निळ्याची तार गेली, गुलाबी-जांभळी दिसली तर हिरव्याची, आणि निळसर-हिरवट दिसली तर लालची. टोक काढून आत बघा. एखादी पिन वाकलेली सापडते. एखादी पिन मुळातच नसली तर घाबरू नका, बऱ्याच केबल तशाच बनतात. चित्र एका बाजूला सरकलं असेल किंवा थरथरत असेल तर प्रोजेक्टरवरचं ‘ऑटो’ बटण दाबा. आवाज मात्र या केबलमधून येत नाही. त्यासाठी हेडफोनच्या भोकातून वेगळी वायर लागते.

एचडीएमआयमध्ये चित्र आणि आवाज एकाच केबलमधून, तेही डिजिटल. म्हणून ते एक तर स्वच्छ येतं, नाही तर ठिपके मारतं, मधेच काळं होतं किंवा येतच नाही. साधी केबल दहा-पंधरा मीटरच्या पुढे भरवशाची राहत नाही. त्याहून लांब अंतरासाठीच्या अॅक्टिव्ह किंवा ऑप्टिकल केबलला दिशा असते. कोणतं टोक लॅपटॉपकडे आणि कोणतं पडद्याकडे, ते टोकावर लिहिलेलं असतं. उलटी लावली तर चित्र येत नाही आणि दोष लॅपटॉपच्या माथी जातो.

दोन्ही भोकं हाताशी असतील तर एचडीएमआयच घ्या, यात विचार करण्यासारखं काही नाही. वर्गात फक्त व्हीजीए असेल तर एचडीएमआयवरून व्हीजीएवर नेणारा छोटा कन्व्हर्टर लागतो. खरेदीत लोक फसतात ते इथेच. हे कन्व्हर्टर एकदिशा असतात: लॅपटॉपच्या एचडीएमआयमधून प्रोजेक्टरच्या व्हीजीएकडे जाणारा वेगळा, आणि जुन्या व्हीजीए लॅपटॉपमधून नव्या टीव्हीकडे जाणारा वेगळा. दुसऱ्याला बहुधा यूएसबीची वीजही द्यावी लागते. दिसायला दोन्ही सारखेच. घेताना बाजूला ऑडिओचं भोक असलेलाच घ्या, नाहीतर व्हिडिओ दाखवायच्या दिवशी आवाजासाठी शोधाशोध होते.

आणखी एक गोष्ट: कॉपी-संरक्षण असलेले चित्रपट किंवा स्ट्रीमिंग अॅप व्हीजीए कन्व्हर्टरमधून चालवले तर खिडकी दिसते, पण आतला व्हिडिओ काळा राहतो. कन्व्हर्टर बिघडलेला नसतो. एचडीसीपी नावाचं कुलूप अॅनालॉग वाटेने व्हिडिओ जाऊ देत नाही.

यूएसबी-सी: भोक एक, क्षमता वेगवेगळ्या

नव्या पातळ लॅपटॉपवर यूएसबी-सीच असतो, आणि त्यातून चित्र निघेलच असं नाही. पोर्टशेजारी डीपीचं (डिस्प्लेपोर्टचं) चिन्ह किंवा थंडरबोल्ट या वेगवान जोडणीचं, विजेच्या आकाराचं चिन्ह असेल तर निघतं. फक्त बॅटरीचं चिन्ह हा पुरावा नव्हे, आणि चिन्हच नसेल तर मॉडेलच्या माहितीत ‘डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड’, म्हणजे यूएसबी-सीतून चित्र पाठवायची सोय, शोधा. मोबाइलच्या चार्जरबरोबरची सी-ते-सी केबल लावून चित्राची वाट बघू नका. त्यातल्या बऱ्याच केबलमध्ये चित्रासाठीच्या ताराच नसतात.

यूएसबी-सीवरून एचडीएमआय देणारा साधा अडॅप्टर घ्यायचा की हब, म्हणजे एका पोर्टची अनेक भोकं करणारी छोटी पेटी? लॅपटॉपला एकच सी पोर्ट असेल तर चार्जिंग आत घेणारा हब घ्या, नाहीतर लागोपाठ दोन तास असले की बॅटरी दगा देते. दोन पोर्ट असतील तर साधा अडॅप्टर पुरतो. त्यात बिघडण्यासारखं कमी असतं आणि तो गरमही कमी होतो. डिस्प्लेलिंक नावाचे अडॅप्टर साध्या यूएसबीतूनही चित्र काढतात, पण त्यांना ड्रायव्हर लागतो. संस्थेच्या लॅपटॉपवर तो टाकायची परवानगी तुमच्याकडे नसेल तर अडॅप्टर दप्तरातच पडून राहील.

वायरलेस: कुणासाठी?

वर्गभर फिरत शिकवणाऱ्यांना वायरलेसची ओढ वाटणं साहजिक आहे. विंडोजवर ‘विंडोज + के’ दाबलं की मिराकास्टचे, म्हणजे वायरशिवाय चित्र घेणारे, पडदे शोधले जातात. हे तंत्र २०१२ पासून आहे आणि ते लॅपटॉपला पडद्याशी थेट जोडत असल्यामुळे इंटरनेटची गरज पडत नाही. मॅकवर मिराकास्ट चालत नाही. तिथे अॅपलचं एअरप्ले लागतं. क्रोमकास्टसारख्या उपकरणाला लॅपटॉप आणि पडदा एकाच नेटवर्कवर हवेत, आणि घरी चालणारी गोष्ट संस्थेत अडते ती यामुळेच. मोठ्या संस्थांच्या वायफायवर एका उपकरणाला दुसरं दिसू नये अशी सोय बऱ्याचदा मुद्दाम केलेली असते. ती तुमच्या बटणांनी सुटणारी नाही. नेटवर्क सांभाळणाऱ्यांना गाठा.

जोडणी झाली तरी माउस हलवल्यावर पडद्यावरचा बाण किंचित मागून येतो. स्लाइड पुढे करायला हे चालतं. प्रोग्रॅमिंग टाइप करून दाखवताना किंवा अचूक रेघ काढताना जीव खालीवर होतो. जोडणीला पिन नंबर लावला नसेल तर शेजारच्या वर्गातून कुणी तुमच्या पडद्यावर अवतरण्याचीही सोय आहेच. रोज एकाच खोलीत शिकवत असाल आणि तिथे आधी तपासून घेतलं असेल तर वायरलेस खुशाल वापरा. खोल्या बदलत असतील, परीक्षक समोर असतील किंवा बाहेरचे पाहुणे बोलायला येणार असतील, तर वायर ती वायर.

डुप्लिकेट की एक्स्टेंड?

केबल बरोबर लागली तरी पुढचा घोळ इथे होतो. ‘विंडोज + पी’ दाबा. डुप्लिकेटमध्ये तुम्हाला दिसतं तेच वर्गाला दिसतं. ब्राउझरमध्ये शोधून दाखवायचं किंवा फाइल उघडून समजावायचं तर हेच सोयीचं. एक्स्टेंडमध्ये वर्गाला फक्त स्लाइड, आणि टिपणं व घड्याळ तुमच्याकडे राहतं. पडद्यावर नुसता वॉलपेपर दिसतोय आणि तुमची खिडकी लॅपटॉपवरच आहे, म्हणजे तुम्ही एक्स्टेंडमध्ये आहात. ‘विंडोज + शिफ्ट + बाण’ दाबा, खिडकी पलीकडे जाते. मॅकवर ‘कमांड + एफ१’ने दोन्हींत अदलाबदल होते. बोलता बोलता खासगी मेसेज उगवण्याचा धोका डुप्लिकेटमध्ये जास्त, म्हणून सूचना आधी बंद करा.

डुप्लिकेटमध्ये दोन्ही पडद्यांना एकच रिझोल्यूशन घ्यावं लागतं. जुना प्रोजेक्टर १०२४×७६८ चा आणि लॅपटॉप १९२०×१०८० चा असेल तर लॅपटॉपवर अक्षरं फुगतात किंवा पडद्यावर काळ्या पट्ट्या येतात. अशा वेळी एक्स्टेंड बरा. दोघं आपापल्या मापात राहतात.

‘नो सिग्नल’ आला तर

आधी प्रोजेक्टरचं ‘सोर्स’ किंवा ‘इनपुट’ बघा. केबल एचडीएमआय २ मध्ये आणि प्रोजेक्टर एचडीएमआय १ वर, हा प्रकार फार होतो. रिमोट कुणाच्या तरी कपाटात कुलूपबंद असतो. यंत्राच्या अंगावरही ही बटणं असतात. मग प्रोजेक्टर चालू ठेवूनच केबल काढून पुन्हा घाला. पडदा आपली मापं लॅपटॉपला सांगतो ते जोडणीच्या क्षणी, आणि मध्ये स्विचची पेटी असेल तर हे बोलणं फसतं. तरीही काळं असेल तर ‘विंडोज + कंट्रोल + शिफ्ट + बी’ने ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. स्क्रीन एकदा लुकलुकते, उघड्या फाइल तशाच राहतात. प्रोजेक्टर मात्र घाईने बंद-चालू करू नका. दिव्याचा असेल तर थंड होईपर्यंत तो पुन्हा पेटत नाही आणि तासातली दहा मिनिटं तिथेच जातात.

चित्र आलं पण आवाज नाही? टास्कबारवरच्या स्पीकरवर जाऊन आउटपुट बघा. एचडीएमआय लावताच आवाज प्रोजेक्टरकडे वळतो, आणि त्याचा स्पीकर बंद किंवा दुबळा असतो.

प्रोजेक्टरऐवजी इंटरॅक्टिव्ह पॅनल असेल आणि चित्र येऊनही बोटाला प्रतिसाद नसेल, तर चौकोनी टोकाची यूएसबी केबल लावायची राहिली आहे. एचडीएमआयमधून चित्र जातं, स्पर्श नाही.