नऊ महिन्यांनंतर: ‘ब्रदर्स इन आर्म्स’ची एलपी आणि हरवलेली तीन मिनिटे

डायर स्ट्रेट्स या ब्रिटिश रॉक बँडची १९८५ सालची ‘ब्रदर्स इन आर्म्स’ ही एलपी, म्हणजे ग्रामोफोनची तबकडी, मी नऊ महिन्यांपूर्वी पुण्यातील एका जुन्या रेकॉर्डच्या विक्रेत्याकडून बावीसशे रुपयांना घेतली. बँडचा गायक आणि गिटारवादक मार्क नॉफ्लर ऐकणाऱ्यांना या अल्बमची ओळख करून देण्याची गरज नाही. माझी तक्रार ‘व्हाय वरी’ या एकाच गाण्याविषयी आहे.

पहिल्या बाजूच्या शेवटी असलेल्या या गाण्यात शब्द संपल्यावरही गिटार कितीतरी वेळ हळुवार वाजत राहते, अशी माझ्या कानांना मोबाइलवर ऐकून सवय झाली होती. एलपीवर मात्र ते सुमारे तीन मिनिटे आधीच विरून गेले. तबकडी सदोष आहे असे समजून मी ती परत नेली आणि विक्रेत्याशी चांगलाच वाद घातला. नंतर कळले की १९८५ ची मूळ एलपी अशीच निघाली होती. सीडीवर पहिली पाच गाणी जवळजवळ ३३ मिनिटे चालतात. तबकडीच्या एका बाजूवर एवढे बसवायचे तर खाचा इतक्या दाट कोराव्या लागतात की आवाज दबतो आणि खर्ज दुबळा होतो. म्हणून गाण्यांना कात्री लागली. पुढच्या आठवड्यात जाऊन मी विक्रेत्याची माफी मागितली.

तरीही हळहळ गेली नाही. इंग्लंडमधील लीड्समध्ये वार्ताहर म्हणून आणि पुढे शिक्षक म्हणून काम केलेल्या नॉफ्लरने १९७७ मध्ये बँड उभा केला, तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा होत होता. बातमीदाराच्या नेमकेपणाने तो माणसे टिपतो आणि शब्द थांबतात तिथून प्लेक्ट्रमशिवाय (तारा छेडायच्या छोट्या पट्टीशिवाय), बोटांनी छेडलेली गिटार पुढचे सांगू लागते. बँडच्या १९८२ च्या ‘लव्ह ओव्हर गोल्ड’ या अल्बममध्ये पाचच गाणी आहेत आणि त्यातले ‘टेलिग्राफ रोड’ एलपीवरही चौदा मिनिटांचे आहे. ज्याच्या गाण्यात गिटारला असा अवकाश मिळतो, त्याची नेमकी तीच मिनिटे कापली जावीत, हे मला आजही खटकते.

सहाव्या महिन्यात मात्र माझे मत बरेच बदलले. दुसऱ्या बाजूच्या गाण्यांना अशी कात्री लागलेली नाही, आणि अल्बमला नाव देणारे शेवटचे गाणे, त्यातल्या लेस पॉल गिटारच्या लांबत जाणाऱ्या स्वरांसह, माझ्या जुन्या स्पीकरवर इतके भरदार वाजते की त्यासाठी बावीसशे रुपये मला जास्त वाटत नाहीत.

शिवाय हा अल्बम कॅरिबियनमधील माँटसेरात बेटावर डिजिटल टेपवर ध्वनिमुद्रित झाला आणि सीडीच्या दहा लाख प्रती खपलेला तो पहिला अल्बम ठरला, हे लक्षात घेता पूर्ण गाणी हवी असणाऱ्याने सीडीच घ्यावी. दोन तबकड्यांच्या नव्या आवृत्त्यांमध्ये पूर्ण गाणी मिळतात, पण एकाच अल्बमसाठी पुन्हा तेवढा खर्च करणे मला पटले नाही. मी तीनशे रुपयांत वापरलेली सीडी घेतली. १९९६ पासूनचे नॉफ्लरचे एकल अल्बमही आता मी सीडीवरच जमवतो आहे.

सध्या पहिली पाच गाणी सीडीवर ऐकतो, मग उठून एलपीची दुसरी बाजू लावतो.