सेकंडहँड बॉक्स्टर, दोन पावसाळ्यांनंतर: इंजिन ठणठणीत, बॅटरीने जीव खाल्ला

गाडी घेतल्या घेतल्या रिव्ह्यू लिहिला असता तर नुसती आरती झाली असती, बरं झालं आळस केला. आता दोन पावसाळे काढलेत, टायर बदलून झालेत आणि बॅटरीपायी सोसायटीच्या कमिटीशी भांडूनही झालंय, म्हणजे लिहायला हरकत नाही. पोर्शे बॉक्स्टर, म्हणजे छप्पर उघडणारी दोन सीटची गाडी, इंजिन सीटच्या मागे. ९८७.२ ही पिढी, २०११ चं मॉडेल, २.९ लिटर, पीडीके म्हणजे पोर्शेचा ड्युअल-क्लच ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. २५५ हॉर्सपॉवर वगैरे तुम्हाला पाठ असणार, ते सोडून देतो.

घेताना दोनच अटी होत्या. एक, २००९ च्या आधीची नको. जुन्या इंजिनातल्या आयएमएस (इंटरमीजिएट शाफ्ट) बेअरिंगची भानगड सगळ्यांना माहितीये, ते गेलं की इंजिनाचाच निकाल. २००९ पासूनच्या इंजिनात ती शाफ्टच काढून टाकलीये, त्यामुळे विषय बंद. दुसरी अट म्हणजे महाराष्ट्र पासिंग. दिल्लीच्या गाड्या बऱ्याच स्वस्त मिळत होत्या, मिळणारच, तिथे १५ वर्षं झालेल्या पेट्रोल गाड्यांवर बंदीची टांगती तलवार होती, पण मग एनओसी आणा, इथला रोड टॅक्स परत भरा, आरटीओत चपला झिजवा, स्वस्तातला सगळा फायदा तिथेच जातो. शेवटी मुंबईची एमएच ०२ मिळाली, मालकी बदलायच्या फॉर्म २९-३० वर काम झालं. किंमत नव्या फॉर्च्युनरपेक्षा बरीच कमी, हे मी घरी निदान शंभर वेळा सांगितलंय आणि घरच्यांना अजून पटलेलं नाही.

आता बॅटरी. जुलैत पुण्यातले रस्ते जसे असतात ते बघून मी ही गाडी बाहेर काढत नाही, बेसमेंटमध्ये कव्हर घालून उभी. आठ-दहा दिवसांनी खाली गेलो, रिमोट दाबला, काही नाही. परत दाबला, काही नाही. म्हटलं ठीक आहे, बॅटरी बसली, जंप देऊ. पण बॅटरी आहे पुढच्या डिकीत, आणि पुढची डिकी उघडते करंटवर. करंट बॅटरीत, बॅटरी आत. घराची किल्ली आत ठेवून लॅच लागावं तसला प्रकार.

उपाय आहे, मॅन्युअलमध्ये दिलाय. दार किल्लीने उघडायचं, पाय ठेवतो तिथे बाजूला फ्यूजबॉक्सचं झाकण काढायचं, त्यात एक लाल टर्मिनल असतो तो बाहेर ओढायचा, त्याला दुसऱ्या बॅटरीचा प्लस लावायचा आणि मायनस दाराच्या लॅचच्या लोखंडाला टेकवायचा, मग रिमोटवरचं डिकीचं बटण दाबून धरायचं. वायर टेकली की पहिल्यांदा अलार्म बोंबलतो. रात्री अकरा वाजता बोंबलला तर पहिल्या मजल्यावरचे जोशीबुवा बनियनवर खाली येतात हा माझा अनुभव. अजून एक, दाराच्या काचेला फ्रेम नाही, एरवी दार उघडताना काच आपोआप बोटभर खाली सरकते, बॅटरी डाऊन असली की सरकत नाही, अशा वेळी दार आपटलं तर काच सरळ छताच्या रबरात घुसते. दार हळूच टेकवायचं. मी "काका, हळू" म्हणेपर्यंत वॉचमनकाकांनी मदतीच्या उत्साहात ते आपटलंच होतं, नशीब काच शाबूत राहिली.

दुसऱ्या दिवशी महागड्या गाड्यांच्या एका मोठ्या वर्कशॉपला फोन केला. टोइंग, डायग्नोसिस, इम्पोर्टेड बॅटरी आणि वर "बॅटरी कोडिंग" चे वेगळे पैसे असं एस्टिमेट आलं. कोडिंग कसलं डोंबलाचं? नवीन बॅटरी कॉम्प्युटरला कळवायची भानगड बीएमडब्ल्यूत असते, या मॉडेलात नाही. बॅटरी बदलल्यावर काच वर नेऊन बटण थोडा वेळ धरून ठेवायचं, स्टिअरिंग एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं, वॉर्निंगचा दिवा जातो, घड्याळ लावायचं, झालं. हे मी त्या सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरला सांगितलं तर म्हणतो, "सर, आमची प्रोसेस आहे." बरं, राहू दे तुमच्याकडेच प्रोसेस. कर्वे रोडवरून डीआयएन साइजची (जर्मन मापाची) एजीएम म्हणजे सीलबंद बॅटरी आणली, जुनी देऊन वरचे पैसे भरले, १० चा पाना घेतला आणि घरीच बसवली.

आठवड्याभरात नवीन बॅटरीपण झोपली.

तेव्हा जर्मन वायरिंगला काय काय बोललो ते इथे लिहीत नाही, पण गाडी विकायची जाहिरात टाइप करून ठेवली होती एवढं सांगतो. ती टाकली नाही ती आमच्या मेस्त्रींमुळे. हडपसरकडे पत्र्याच्या शेडमध्ये गॅरेज आहे त्यांचं, बोर्डपण धड नाही. ते मल्टीमीटर घेऊन आले, डिकी उघडी ठेवून लॅच स्क्रूड्रायव्हरने फिरवून बंद केलं, म्हणजे गाडीला वाटतं डिकी लागली, मीटर सीरिजमध्ये जोडला आणि म्हणाले, "आता चहा घेऊ, गाडी झोपू द्या." सगळी मॉड्युलं झोपायला वेळ लागतो, लगेच बघितलं तर आकडा भलताच दिसतो. अर्ध्या-पाऊण तासाने मीटरवर आकडा होता अर्धा अँपिअर, एवढा करंट गाडी बंद असताना खात होती. हवा ५० मिलिअँपिअरच्या आत. म्हणजे हिशोब करा, दिवसाला १२ अँपिअर-अवर, ८० ची बॅटरी आठवडा कशी काढणार? मग एकेक फ्यूज काढत गेले. निघालं काय, तर आधीच्या मालकाने बाहेरून बसवलेला अ‍ॅम्प्लिफायर, ज्याची चालू-बंदची वायर कुणा महाभागाने थेट प्लसला जोडलेली, आणि शेजारी एक जीपीएस ट्रॅकर, सिम बंद झालेलं, तरी बिचारा रात्रंदिवस नेटवर्क शोधतोय. दोन्ही उपटून टाकले. आकडा सरळ ३० वर.

त्यामुळे जर्मन वायरिंगबद्दलचे शब्द परत घेतो. पोर्शेची स्वतःची एकही वायर खराब नव्हती, १४ वर्षांच्या गाडीत! मेस्त्रींनी घेतले किती, तर दीड हजार आणि चहा. जुनी गाडी बघायला जाताना रंगाची जाडी मोजणारा पेंट मीटर घेऊन जाणारे खूप बघितलेत, मल्टीमीटर नेणारा एकही नाही बघितला.

तरी महिना-महिना उभी राहणाऱ्या गाडीला ट्रिकल चार्जर, म्हणजे बॅटरी हळूहळू भरत ठेवणारा चार्जर, हवाच. या गाडीत सोय छान आहे, लायटरचं सॉकेट गाडी बंद असतानाही चालू असतं, तिथूनच चार्जर लावता येतो, बारीक वायर दाराच्या रबरातून बाहेर काढून गाडी लॉकसुद्धा होते. पण चार्जर लावायचा कुठे? माझ्या पार्किंगच्या खांबावर कॉमन मीटरचा पॉइंट आहे. सेक्रेटरी म्हणाले, महिना ५०० रुपये फिक्स द्या. का म्हणून? बॅटरी फुल असताना हा चार्जर चार-पाच वॅट खातो, महिन्याला चार युनिटसुद्धा होत नाहीत, पन्नास-साठ रुपयांचा मामला. "पोर्शेवाले तुम्ही, ५०० साठी काय भांडता?" हे वाक्य भर मीटिंगमध्ये ऐकून घेतलं. अहो, पोर्शे घेतली म्हणून चार युनिटचे ५०० द्यायचे? शेवटी स्वखर्चाने सबमीटर बसवला, दर महिन्याच्या एक तारखेला रीडिंगचा फोटो ग्रुपवर टाकतो. सबमीटरला गेलेले पैसे वसूल व्हायला थोडा वेळ लागेल, लागू दे.

बाकी मेंटेनन्स पटापट सांगतो. टायरची नक्षी बघून फसू नका, साइडवॉलवरचे शेवटचे चार आकडे वाचा, आठवडा आणि वर्ष. माझ्या टायरना नक्षी भरपूर होती आणि जन्म २०१६ चा, रबर दगड झालेलं, ओल्यात मागचा भाग आधी पळायचा. चार टायरना सव्वा लाखाच्या वर गेले, त्यात पुढचे २३५ आणि मागचे २६५ मिलिमीटर रुंद, म्हणजे पुढचे मागे टाकून आयुष्य वाढवायची आपली नेहमीची युक्ती इथे चालत नाही. छताच्या मागच्या कोपऱ्यातले ड्रेन पावसाळ्याआधी साफ करा, पाला अडकला की पाणी आत सीटखाली उतरतं आणि तिथे इलेक्ट्रॉनिक्स आहे. पुढच्या बंपरच्या दोन्ही भोकांत रेडिएटर आहेत, तिथेही पाला आणि प्लॅस्टिक साचतं, नीट साफ करायचं तर बंपर काढावा लागतो. ऑइलला डिपस्टिक नाही, लेव्हल स्क्रीनवरच बघायची, मला हे अजिबात आवडत नाही, ऑइल बोटाला लागल्याशिवाय विश्वास बसत नाही. पेट्रोल किमान ९५ ऑक्टेन. अधूनमधून एक्सपी १०० (इंडियन ऑइलचं १०० ऑक्टेनचं महागडं पेट्रोल) टाकतो, टाकताना पंपाच्या आकड्याकडे बघत नाही.

चालवायला? त्याबद्दल काय लिहू. डिसेंबरमध्ये सकाळी सहाला मुळशीवरून ताम्हिणी, छप्पर उघडं, हीटर पायावर, आणि ४००० आरपीएमच्या वर गेली की इंजिनाचा आवाज बरोबर कानामागून येतो. तेवढ्यासाठी सगळं माफ. एक्सप्रेसवेवर मात्र काही अर्थ नाही, १०० ची मर्यादा आणि आता जागोजागी कॅमेरे. स्टिअरिंगवरची पीडीकेची बटणं उलटसुलट आहेत, ढकललं की वरचा गिअर, ओढलं की खालचा, मी तर वापरणंच सोडलंय. स्पीडब्रेकर तिरकेच घ्यायचे, तरी कोथरूडमधले दोन असे आहेत की मी गाडी फिरवून लांबून जातो.

आता पुढचं काम आरसी रिन्युअलचं, २०२६ मध्ये १५ वर्षं भरतायत. एजंट म्हणतो इंजिन नंबरचा फोटो लागेल, बॉनेट उघडा. बॉनेटखाली काय आहे, तर बॅटरी आणि दोन बॅगांची जागा. इंजिन सीटच्या मागे, वरून दिसतच नाही, नंबर खालच्या बाजूने. पुण्यात कोणी बॉक्स्टर किंवा केमनचं (बॉक्स्टरची बंद छपराची बहीण) रिन्युअल केलं असेल तर लिफ्टवर चढवून काढलेला फोटो चालला का, की इन्स्पेक्टरला गॅरेजला आणावं लागलं, तेवढं सांगा.