मसल कार (जुनी, ताकदवान इंजिनाची अमेरिकन गाडी): पुढचे ड्रम ब्रेक ठेवावेत की डिस्क ब्रेक बसवावेत?

ड्रम ब्रेकमध्ये चाकाबरोबर फिरता ड्रम ब्रेक-शू (आतून घासणारा भाग) स्वतःकडे ओढून घेतो, म्हणून बूस्टर (पायाचा जोर वाढवणारं उपकरण) नसतानाही पेडल हलकं लागतं. पहिला ब्रेक झकास लागतो. उतारावर लागोपाठ ब्रेक मारले की मात्र ड्रम तापून फुगतो, पेडल खाली जातं. शूवरचे लायनर (घर्षणाचे थर) ओले झाले की गाडी एका बाजूला ओढते.

डिस्क लवकर थंड होते, पण तिला दाब जास्त लागतो. नुसते कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारे चिमटे) लावून भागत नाही. दोन कप्प्यांचा मास्टर सिलिंडर (पेडलच्या जोराने ब्रेक ऑइलचा दाब तयार करणारा) हवा, मागच्या ड्रमचा दाब मर्यादित ठेवणारा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह हवा (नाहीतर मागची चाकं आधी लॉक होतात) आणि बहुधा बूस्टरही. बूस्टरला इंजिनाकडून साधारण १८ इंच (पाऱ्याच्या मापात) व्हॅक्यूम लागतो. कॅमशाफ्ट (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) रेसिंगचा असेल तर तो मिळत नाही. तेव्हा बूस्टर टाळून पेडलचं प्रमाण (तरफेने पायाचा जोर किती पट होतो ते) ६:१ च्या आसपास ठेवावं.

घातक चूक म्हणजे ड्रमचाच मास्टर सिलिंडर ठेवणं. त्यातला रेसिड्युअल व्हॉल्व्ह १० पीएसआयच्या आसपास दाब धरून ठेवतो, पॅड सतत घासतात. कॅलिपर डावे-उजवे उलटे बसले तर ब्लीडर (हवा काढायचा स्क्रू) खाली येतो आणि हवा निघतच नाही.

मूळ रूपातली, क्वचित फिरणारी गाडी असेल तर ड्रमच नीट दुरुस्त करून घ्यावेत. रोज वेगात चालवायची असेल तर डिस्कच; आधी १४ इंची रिम कॅलिपरला अडत नाही ना, ते तपासावं.