कुत्रीला दाखवायला गेलो, डॉक्टरांनी आधी माझे हात बघितले

पहाटे मागच्या अंगणात आमच्या कुत्रीची कोल्ह्याशी झटापट झाली, क्लिनिक उघडल्या उघडल्या तिला घेऊन पोचलो. कानामागे दोन बारीक दात लागलेले, रक्त जवळजवळ नाहीच, मला वाटलं मलम लावून सोडतील. पण डॉक्टरांचा पहिला प्रश्न, हिला हात कोणी कोणी लावला? मी तर उघड्या हातांनीच तिला पुसलं होतं आणि बोटाला ताजं कापलेलं! तिथल्याच बेसिनवर साबण लावून वाहत्या पाण्याखाली हात धुवायला लावले, घड्याळ बघून पूर्ण 15 मिनिटं, आणि मग तडक माणसांच्या दवाखान्यात पाठवलं, कारण कोल्ह्याची लाळ तिच्या केसांवर असू शकते आणि उघड्या जखमेत लाळ गेली तरी रेबीज होऊ शकतो. पाळीव कुत्रा चावला तर त्याला 10 दिवस नजरेखाली ठेवता येतं, हा कोल्हा तर पळून गेलेला, मग वाट कसली बघायची. विषाणू नसांमधून हळूहळू मेंदूकडे सरकतो, बहुतेक वेळा 2-3 महिने काहीच दिसत नाही, आणि एकदा लक्षणं दिसली की मग माणूस जवळपास वाचतच नाही. जे करायचं ते त्याआधीच. मला दवाखान्यात लस दिली आणि जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही, म्हणजे विषाणूला लगेच अडवणारी तयार प्रतिपिंडं.

कुत्रीची लस चालू होती तरी लगेच बूस्टर दिला आणि 45 दिवस लक्ष ठेवा म्हणाले. लस फ्रीजमध्ये 2 ते 8 डिग्रीला ठेवावी लागते, मी विचारल्यावर त्यांनी स्वतःहून थर्मामीटर दाखवला, हे मला फार आवडलं.

एक स्टार कापतेय तो मांजरीसाठी. ती घराबाहेर जात नाही म्हणून आम्ही तिला रेबीजची लस कधी दिलीच नाही, आणि दोन वर्षं तिला तिथेच तपासायला नेत असूनही कोणी विचारलं नाही. खिडकीतून वटवाघूळ आत आलं तर सगळ्यात आधी झडप घालणार मांजरच ना? आणि वटवाघळाचे दात इतके बारीक की चावल्याची खूणही पटकन दिसत नाही. मी हे बोलल्यावर डॉक्टरांनी चूक मान्य केली, त्याच आठवड्यात तिला लस दिली, आणि दोघींच्या पुढच्या बूस्टरची तारीख कार्डावर लिहून दिलीये.

पिल्लू आणलं असेल तर 12 आठवड्यांचं झालं की रेबीजच्या लसीसाठी इथे न्या, आणि भांडून आलेल्या कुत्र्याला ग्लोव्हज घातल्याशिवाय हात लावू नका.