बटण अडकलं होतं, दुकानदार म्हणाला पाणी गेलंय

स्मार्टवॉच दुरुस्तीला दिलं आणि दुकानदार म्हणाला, "ताई, आत पाणी गेलंय," की निम्मा सौदा तिथेच त्याच्या बाजूने होतो. घड्याळ हातावर असतं आणि हात रोज पाण्यात असतो. आंघोळ, भांडी, पाऊस, काही ना काही आपल्याला आठवतंच. आपण मनातल्या मनात कबुली देऊन टाकतो आणि तो सांगेल तो आकडा मुकाट ऐकून घेतो. आत खरंच पाणी आहे का, ते दाखव, हे म्हणायचं राहून जातं. जळगावात आमच्या बाबतीत हेच घडलं. दुकानाचं नाव देत नाही, कारण प्रकरण ग्राहक आयोगाकडे दिलंय. शिवाय हा धंदा एकट्या त्या दुकानाचा असेल असं मला वाटत नाही.

घड्याळ माझ्या वडिलांचं, आप्पांचं. आमचं गाव अमळनेर तालुक्यात. पुण्याच्या भावाने ते घेऊन दिलं होतं, छातीचे ठोके आणि झोप यांच्यावर लक्ष राहावं म्हणून. आप्पांना त्यातलं फक्त पावलं मोजणं आवडलं. शेतातून आले की आधी आकडा दाखवायचे, मग पाणी प्यायचे. उन्हाळ्यात आमच्याकडे पारा ४४-४५ ला टेकतो. तो घाम, ती धूळ, वर फवारणीचे शिंतोडे, एवढं सगळं सोसून घड्याळ ठणठणीत होतं. फक्त वरचं बटण अडकायला लागलं. दाबलं की आतच बसायचं, नखाने उचकलं की वर यायचं. एका सकाळी आप्पांनी वैतागून ते भराभर दाबलं, तर पुण्यात भावाच्या फोनवर 'मदत हवी आहे'चा मेसेज गेला आणि सगळ्या घराची झोप उडाली. त्यानंतर ते दुरुस्त करणं भागच होतं.

वॉरंटी संपलेली. भावाने नेटवर शोधून कंपनीच्या 'कस्टमर केअर'ला फोन लावला, तर पलीकडचा माणूस म्हणाला, एक ॲप टाका, दहा रुपये नोंदणी भरा, माणूस घरी येईल. ॲप होतं फोनचा स्क्रीन दुसऱ्याला दाखवणारं. भावाने फोन ठेवला. हा प्रकार आता बहुतेकांना माहीत आहे, म्हणून जास्त लिहीत नाही. तरी सांगते, कस्टमर केअरचा नंबर डब्यातल्या कागदावरून घ्यावा, नेटवर वरती दिसला म्हणून फिरवू नये. आणि पैसे गेलेच तर त्याच घटकेला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करावा.

जळगावच्या सर्व्हिस सेंटरवाल्यांनी सांगितलं की घड्याळं इथे उघडत नाहीत, पुढे पाठवावी लागतील, वेळ लागेल. बाहेर पडल्यावर थोड्या अंतरावर पाटी दिसली, 'सर्व कंपन्यांचे स्मार्टवॉच रिपेअर, वॉटर डॅमेज स्पेशालिस्ट'. काउंटरवरच्या मुलाने बटण दाबून पाहिलं. म्हणाला, "तीनशे रुपये ताई, साफ करून देतो. तासाभराने या." जाता जाता विचारलं, "काका अंघोळीला काढत नसतील ना?" मी म्हटलं, काढतात, पण मध्यंतरी चोपड्याकडे उनपदेवला गेले होते, तिथे कुंडात तसेच उतरले. उनपदेवचं पाणी गरम, हे खान्देशात कुणाला सांगावं लागत नाही. त्याने मान डोलावली. पुढची गोष्ट त्याने त्या एका वाक्यावर रचली हे मला नंतर उमगलं.

तासाभराने गेले तर चेहरा पाडून उभा. "ताई, गरम पाणी गेलंय आत. बोर्ड खाऊन टाकलाय." मोबाइलवर एक फोटो दाखवला. उघडलेलं घड्याळ, मधल्या हिरव्या पट्टीवर निळसर-पांढरी बुरशी आल्यासारखी. फोटो माझ्या डोळ्यांसमोरून सरकला आणि बंद झाला. मी म्हटलं, हा मला व्हॉट्सॲपवर टाका, भावाला दाखवते. त्याने टाकला. हे त्याने का केलं कुणास ठाऊक. बहुतेक सवयीने. पण आज आमच्या हातात जो सगळ्यात भक्कम पुरावा आहे तो हाच फोटो. घरी येऊन मोठा करून पाहिला तर कडेला केसची किनार दिसत होती, चंदेरी. आप्पांचं घड्याळ काळं आहे.

पण ते घरी आल्यावर. दुकानात त्याने दोन हजार आठशेचा आकडा सांगितला होता, पंधराशे आगाऊ. पैसे गेले कुणाच्या तरी खासगी यूपीआयवर. बिल मागितलं तर ठरलेलं उत्तर, "बिल पाहिजे तर अठरा टक्के जीएसटी वर लागेल, तुमचंच नुकसान." हातात पडली एक चिठ्ठी, 'वॉच – १५०० जमा'. घड्याळ कोणतं, त्याचा नंबर काय, तक्रार काय, काही नाही. आणि एक गोष्ट त्याने आवर्जून करून घेतली. आप्पांच्या फोनमधून घड्याळ काढून टाकायला लावलं, लॉकसकट. "टेस्टिंगला लागतं." मोठी दुरुस्ती असेल तर कंपनीवालेही लॉक काढायला सांगतात, हे खरं आहे. पण लॉक निघालं की घड्याळ कुणाच्याही फोनला जोडता येतं, म्हणजे विकताही येतं. ते काढून द्यायचंच असेल तर हातात नंबर लिहिलेली पावती हवी.

मग सुरू झालं, पार्ट मुंबईहून निघालाय, पार्ट कुरिअरला अडकलाय, कारागीर लग्नाला गेलाय. शेवटी घड्याळ मिळालं. चकाचक पुसलेलं, बटण टकटक वाजणारं, पट्टा आप्पांचाच. उरलेले तेराशे दिले, गाडी पकडून घरी आले.

आप्पांनी ते हातात घेतलं, बांधलं नाही. खालच्या कडेवरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरच्या पेटीला घासून तिथे एक तिरपी चरी पडलेली होती, तांदळाच्या दाण्याएवढी. ती नव्हती. म्हणाले, "हाई मन्हं घड्याय नही शे."

मी म्हटलं, आप्पा, पॉलिश केलं असेल. मग फोनला जोडायला घेतलं. आमच्या घड्याळाच्या नावापुढे कंसात चार अक्षरं दिसायची. आता वेगळीच चार होती. डबा काढला, त्यावरचा सीरियल नंबर आणि घड्याळातला नंबर जुळेना. दुकानदाराला फोन केला, तर त्याचं उत्तर तयार होतं आणि ते अगदीच खोटंही नव्हतं, "बोर्ड बदलला की नंबर बदलतोच ताई." बदलतो. बोर्ड नवा असेल तर आतला नंबर नवाच दिसणार. पण आमच्या घड्याळाच्या पाठीवरही बारीक अक्षरांत नंबर कोरलेला होता, आणि पाठ काही बोर्डाबरोबर बदलत नाही. तोही वेगळा निघाला. मग मी म्हटलं, खराब झालेला जुना बोर्ड परत द्या. तो म्हणे कंपनीकडे जमा केला. कोणत्या कंपनीकडे, ते विचारल्यावर फोन कट.

माझा एक जुना विद्यार्थी अमळनेरात मोबाइल दुरुस्त करतो. त्याच्याकडे ते घेऊन गेले. "मॅडम, तुमच्यासमोरच उघडतो," म्हणाला, आणि मला त्याच्या बाजूला स्टुलावर बसवलं. डोळ्याला भिंग लावलं. पाठीचे चार पेच दाखवले. चारही पेचांची डोकी घासलेली, एकाची खाच तर जवळजवळ गोल झालेली. "हे आधी कितीतरी वेळा उघडलंय." पाठ निघाली तशी आतली रबरी कडी हाताला लागली, एका बाजूला तुटलेली आणि पिवळ्या गोंदाने चिकटवलेली. बोर्ड नवा नव्हताच. बॅटरी किंचित फुगलेली. म्हणजे कुणाचं तरी टाकून दिलेलं घड्याळ, आप्पांच्या पट्ट्यात बसवून दिलेलं. आप्पांचं चांगलं चालणारं घड्याळ बटण साफ करून केव्हाच दुसऱ्या कुणाला विकलं गेलं असणार.

त्या पोराने मला जे समजावलं ते आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. बटण म्हणजे धातूची बारीक दांडी. तिच्याभोवती पाणी अडवणारं इवलंसं रबरी कडं, आत स्प्रिंग, आणि खाली चपट्या पट्टीवरचं नाजूक स्विच. घाम सुकला की मीठ उरतं. त्यात धूळ आणि साबण बसले की दांडी अडकते. बऱ्याचदा घड्याळ उघडावंसुद्धा लागत नाही. घड्याळ बंद करून, पाणी चालत असलेलं मॉडेल असेल तर साध्या कोमट पाण्याच्या बारीक धारेखाली बटण पुन्हा पुन्हा दाबायचं, मऊ कापडाने पुसायचं, सुकू द्यायचं. नाहीच सुटलं तर मग उघडणं. आणि उघडलं की कडी किंवा गोंद नवा घालावाच लागतो. नाही तर पुढच्या पावसात जे पाणी जाईल ते मात्र खरंखुरं असेल. पाणी अडतंय की नाही हे हवेच्या दाबावर तपासायचं यंत्र असतं. ते आपल्याकडच्या किती दुकानांत आहे, हे ज्याने त्याने विचारून पाहावं.

पाणी खरंच गेलं असेल तर घड्याळ स्वतःच सांगतं. काचेच्या आतून वाफ धरते, टच आपोआप पळतो, आवाज दबका येतो, चार्जिंग घेत नाही, पाठीवरचा ठोके मोजणारा हिरवा दिवा पेटत नाही. काही उपकरणांत आत एक पांढरा ठिपका असतो, तो पाणी लागल्यावर लाल होतो. आमच्या घड्याळाला यातलं एकही लक्षण नव्हतं. दुकानात देईपर्यंत ते आप्पांची पावलं मोजत होतं. आणि खरंच ओलं झालं असेल तर लगेच बंद करावं, चार्जिंगला मुळीच लावू नये. पाण्याबरोबर वीज मिळाली की आतला तांब्याचा पत्रा झपाट्याने गंजतो. तांदळाच्या डब्यात ठेवायचा सल्ला सगळे देतात, पण त्याने आतलं पाणी ओढलं जात नाही, उलट पीठ आणि कण भोकांत जातात.

उनपदेवबद्दलही एक शब्द. घड्याळांवर लिहिलेलं असतं ते '५ एटीएम' म्हणजे ५० मीटर खोल पाण्याइतका स्थिर दाब, तोही नवीन घड्याळावर, प्रयोगशाळेत. गरम पाणी, वाफ आणि साबण यांच्यापासून घड्याळ लांब ठेवा असं कंपन्याच सांगतात, कारण त्याने रबर आणि गोंद ढिले होतात. शिवाय ती ताकद कायम राहत नाही, वर्षागणिक कमी होते. तेव्हा कुंडात उतरताना काढून ठेवलेलं बरं. गरम पाण्याने घड्याळ बिघडू शकतं, हे दुकानदाराचं म्हणणं तेवढं चुकीचं नव्हतं. त्याने त्या गोष्टीचा वापर कशासाठी केला, तक्रार त्याबद्दल आहे.

पुढे काय केलं तेही सांगते. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. मग डब्याचा फोटो, खरेदीचं मूळ बिल, ती चिठ्ठी, यूपीआयच्या नोंदी, चंदेरी किनारीचा फोटो आणि विद्यार्थ्याने उघडताना काढलेला व्हिडिओ असं सगळं जोडून जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज दिला. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला आयोगाची फी नाही, वकील लागतोच असं नाही, ऑनलाइनही भरता येतो. तक्रार करायची मुदत दोन वर्षांची. आणि 'बिल नको म्हणा, स्वस्तात पडेल' म्हणणाऱ्यांसाठी सांगते, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवेचं बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे. चिठ्ठीवर घड्याळाचा नंबर नव्हता ही आमची लंगडी बाजू. तिथे व्हॉट्सॲपचा फोटो कामी येतोय. पोलिसांकडेही अर्ज दिलाय. नोटीस गेल्यावर दुकानदाराचा निरोप आला, पैसे परत घ्या आणि विषय संपवा. आप्पांनी सांगितलं, पैसे नकोत, घड्याळ द्या. ते त्याच्याकडे नाही, हे त्याने या निमित्ताने कबूल केल्यासारखंच झालं.

घड्याळ कुठेही द्याल तर आधी पाठीवरच्या नंबराचा आणि चालू पडद्याचा फोटो काढा, तो नंबर पावतीवर लिहून घ्या, आणि 'पाणी गेलंय' म्हणाला तर घड्याळ तुमच्यासमोर उघडायला लावा. नाही म्हणाला तर उचला आणि चालू पडा. तीनशेचं काम तीनशेत करणारी माणसं अमळनेरातही आहेत, जळगावातही असतीलच.

जुनं स्मार्टवॉच विकत घेणाऱ्यांनाही एक विनंती. डबा आणि बिल नसलेलं, काळं, गोल घड्याळ, खालच्या कडेला तांदळाच्या दाण्याएवढी तिरपी चरी, असं जळगाव, धुळे, भुसावळकडे कुणी स्वस्तात देऊ केलं तर पैसे देण्याआधी पाठीवरच्या नंबराचा फोटो मला पाठवा. डबा आमच्याकडे आहे, जुळवून लगेच सांगते.